न विकलेल्या खुर्च्यांचा अर्थ

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या व्यवहारात ‘स्टेडियम दौरा’ ही गेल्या साठ वर्षांत घडलेली एक स्वतंत्र संस्था आहे. गिटार, ड्रम आणि ध्वनिवर्धक यांच्या बळावर उभे राहिलेले हे संगीत मुळात क्लबांत, नृत्यगृहांत आणि लहान नाट्यगृहांत वाढले. पुढे मात्र त्यातील मोजक्या बँडांनी खेळांसाठी बांधलेली, तीस-चाळीस हजारांपासून लाखभर माणसे सामावणारी मैदाने भाड्याने घेण्याची आणि अवजड रंगमंच शहरामागून शहरात हलवत महिनोन्‌महिने फिरती करण्याची पद्धत रूढ केली. अशा दौऱ्याची तिकिटे संथ गतीने खपू लागली की त्याची बातमी होते, आणि ती बातमी बहुतेक वेळा एकाच अर्थाने वाचली जाते: बँडची सद्दी संपली, रसिकांनी पाठ फिरवली. हे वाचन वरवरचे आहे. खुर्च्या किती मांडायच्या, त्यांचा दर काय ठेवायचा आणि पैसे किती महिने आधी मागायचे हे तिन्ही निर्णय श्रोत्याच्या हातात नसतात. त्यामुळे न विकलेल्या खुर्चीतून श्रोत्याच्या आवडीविषयी फार थोडे कळते आणि ती खुर्ची मांडणाऱ्याच्या हिशेबाविषयी पुष्कळ कळते. पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत, जिथे तिकिटाविना चालणारी रंगभूमी आणि देशभरातून तिकिटे विकून भरणारे संगीत महोत्सव अलीकडे एकाच मातीवर येऊन ठेपले आहेत, तिथून या प्रश्नाकडे पाहिले तर हा भेद विशेष स्पष्ट दिसतो.

स्टेडियममधील रॉक मैफलीचा आरंभबिंदू म्हणून १५ ऑगस्ट १९६५ या दिवशी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर झालेला ‘बीटल्स’चा कार्यक्रम दाखवला जातो, त्याला सुमारे ५५,६०० श्रोते होते. तिकिटे न खपण्याचा इतिहासही त्याच मैदानावर अवघ्या वर्षभरात सुरू झाला, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. २३ ऑगस्ट १९६६ रोजी हाच बँड त्याच मैदानावर पुन्हा उभा राहिला तेव्हा सुमारे ११,००० खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि सहा दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर साडेबेचाळीस हजारांच्या जागेत जेमतेम २५,००० तिकिटे विकली गेली. त्या महिन्यातच ‘रिव्हॉल्व्हर’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली होती, जिची गणना आज विसाव्या शतकातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकांत होते, आणि ‘सार्जंट पेपर’ अजून यायची होती. कलावंत सर्जनाच्या शिखरावर आणि मैदान अर्धे-पाऊण भरलेले, अशी ही स्थिती होती. जॉन लेननच्या ख्रिस्ती धर्माविषयीच्या विधानावरून अमेरिकेत उठलेले वादळ हे एक कारण होतेच. पण त्याहून मूलभूत कारण असे की तेवढ्या विस्तारात, त्या काळच्या ध्वनियंत्रणेवर, किंकाळ्यांच्या गदारोळात अर्ध्या तासाचे ते गायन धड ऐकूही येत नव्हते. ज्याने पहिल्या वर्षी हा अनुभव घेतला तो दुसऱ्या वर्षी घरी बसून तबकडी ऐकू लागला, तर त्यात संगीतावरचा राग नव्हता. उलट संगीताचीच बूज त्यात होती. बँडलाही ते पटले असावे, कारण त्यानंतर बीटल्सने दौरे कायमचे थांबवले.

योगायोग असा की त्याच १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा प्रयोगकलांच्या आर्थिक पेचावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रतिपादन पुढे ‘खर्चाचा रोग’ या नावाने ओळखले गेले. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच मजुरीत अधिक माल निघतो. परंतु चार वादकांना एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो, आणि त्यांचे वेतन मात्र बाकीच्या समाजाच्या वेतनाबरोबर वाढत जाते. म्हणून प्रयोगकला इतर वस्तूंच्या तुलनेत सतत महाग होत राहते. तासाभराचा ख्याल वीस मिनिटांत गाऊन ‘उत्पादकता’ वाढवता येत नाही, हे आपल्याकडील कोणाही गायकाला अर्थशास्त्र न वाचता ठाऊक असते. स्टेडियम हा या रोगावर शोधलेला उतारा होता: गाण्याचा वेळ कमी करता येत नसेल तर त्याच वेळात ऐकणाऱ्यांची संख्या शंभरपट करावी. उतारा लागू पडला खरा, पण त्याने स्वतःचा एक नवा रोग जन्माला घातला, आणि तिकिटांची संथ विक्री हे त्या नव्या रोगाचे लक्षण आहे.

हा रोग समजण्यासाठी दौऱ्याचा पैसा कोणाच्या खिशातून कोणाकडे जातो ते पाहावे लागते. बँड आणि श्रोता यांच्यामध्ये ‘प्रवर्तक’ उभा असतो. मैदान ठरवणे, परवाने काढणे, जाहिरात करणे आणि तिकिटे विकणे ही त्याची कामे. बँड त्याच्याकडून विक्री कशीही झाली तरी मिळेल अशी एक ठरावीक रक्कम मागून घेतो. तिला ‘हमी’ म्हणतात. विक्री हमीच्या पलीकडे गेली तर वरच्या नफ्यातला मोठा वाटाही बँडकडेच जातो. १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘लेड झेपलिन’चा व्यवस्थापक पीटर ग्रँट याने नव्वद टक्के बँडला आणि दहा टक्के प्रवर्तकाला अशी वाटणी मागितली आणि पदरात पाडून घेतली, तेव्हापासून प्रवर्तकाच्या चुकीला जागाच उरली नाही. हमी, मैदानाचे भाडे, हिरवळीवर अंथरायच्या फळ्या, पोलादी सांगाडे, मालमोटारींचे ताफे, विमा, सुरक्षारक्षक हा सगळा खर्च पहिले तिकीट विकण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. वीस हजार माणसे आली तरी तेवढाच आणि पन्नास हजार आली तरी जवळजवळ तेवढाच. अशा व्यवहारात शेवटच्या दहा हजार खुर्च्यांवर सगळा नफा अवलंबून असतो, आणि त्या दहा हजार खुर्च्यांवर बसणारे लोक नेमके तेच असतात ज्यांना त्या बँडचे वेड नसते, जे सवड आणि ऐपत जमली तरच येतात.

इथे तिकिटाच्या वेळेचा प्रश्न येतो, आणि या सगळ्या चर्चेत तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. नाटकाचे तिकीट लोक प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात काढतात. स्टेडियम दौऱ्याची तिकिटे चार महिने, सहा महिने, कधी वर्षभर आधी विक्रीला निघतात. श्रोत्याने भरलेला पैसा मधल्या काळात कुठे असतो? तो व्यवसायात फिरत असतो. विपणनाच्या भाषेत याला आगाऊ नोंदणी म्हणतात. हिशेबाच्या भाषेत ते श्रोत्याने दिलेले बिनव्याजी कर्ज आहे, ज्याला तारण नाही, ज्याच्या परतफेडीच्या अटी कर्ज घेणाऱ्याने लिहिलेल्या आहेत आणि ज्यावर वर सेवाशुल्कही कर्ज देणाऱ्याकडूनच वसूल होते. विक्री संथ आहे याचा खरा अर्थ एवढाच की पुरेशा लोकांनी हे कर्ज देण्याचे नाकारले आहे. त्यातले कित्येक कार्यक्रमाच्या दिवशी आनंदाने आले असते. भाडे, मुलांचे शुल्क, वाढती महागाई सांभाळणाऱ्या कुटुंबाने पुढच्या मोसमातील एका संध्याकाळसाठी आज महिन्याच्या कमाईचा लचका तोडून देण्यास नकार दिला, तर त्याला रसिकतेचा दुष्काळ म्हणणे अन्यायाचे आहे.

विकली न गेलेली खुर्ची हा नाशवंत माल आहे, कारण आजच्या प्रयोगाची खुर्ची उद्या विकता येत नाही. म्हणून तारीख जवळ आली की प्रवर्तक दर पाडतो, सवलती जाहीर करतो, काही वेळा संस्थांना आणि महाविद्यालयांना फुकट पास वाटून मैदान भरल्याचा देखावा करतो. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी मासळीचा भाव उतरतो हे एकदा कळले की शहाणे गिऱ्हाईक सकाळी येत नाही. तसाच श्रोताही थांबायला शिकतो, आणि त्याचे थांबणे हीच पुढच्या दौऱ्याच्या संथ विक्रीची बातमी होते. भरीला आता ‘मागणीनुसार बदलता दर’ आला आहे, म्हणजे विमानाच्या तिकिटाप्रमाणे गर्दी वाढेल तसा संगणकाने चढवलेला भाव. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ‘ओएसिस’ या ब्रिटिश बँडच्या पुनर्मीलन दौऱ्याची विक्री उघडली तेव्हा तासन्‌तास आभासी रांगेत थांबलेल्या लोकांना सुमारे १५० पौंडांचे तिकीट साडेतीनशे पौंडांहून अधिक किमतीला दाखवले गेले, आणि त्यावर ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेने चौकशी सुरू केली. ही व्यवस्था सर्वांत निष्ठावान श्रोत्याला, जो पहिल्या मिनिटाला येतो त्याला, सर्वांत महाग तिकीट देते आणि उदासीन श्रोत्याला शेवटच्या आठवड्यात स्वस्त. निष्ठेला दंड आणि बेफिकिरीला बक्षीस देणारा बाजार फार काळ निष्ठा टिकवू शकत नाही.

रिकामेपण दिसण्याची रीतही पालटली आहे. मराठी नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर खुर्च्यांचा छापील ‘प्लॅन’ असे आणि विकलेल्या खुर्चीवर बारीवरचा माणूस रंगीत पेन्सिलीने फुली मारी. किती फुल्या पडल्या हे त्याला आणि व्यवस्थापकाला ठाऊक असे, बाहेरच्या जगाला ते प्रयोगाच्या वेळीच कळे. आज तोच प्लॅन संगणकाच्या पडद्यावर जगभरातील कोणालाही सहा महिने आधी पाहता येतो. कोरे ठिपके मोजले जातात, त्यांची चित्रे फिरतात, आणि जो विकत घ्यायला आलेला असतो तोही ‘घाई नाही’ असे म्हणून परततो. संथपणाची बातमीच संथपणा वाढवते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही, कारण संगीत नाटक कंपनी ही आपल्याकडील रॉक बँडहून वेगळी संस्था नव्हती. वाद्यवृंद, नट, स्वयंपाकी, पडदे, पोशाख यांचे भले मोठे बिऱ्हाड घेऊन ती गावोगाव फिरे, मुक्काम टाके आणि तिच्या नायकासाठी लोक वेडे होत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा इतिहास तर स्टेडियम दौऱ्याच्या अर्थशास्त्राचा पूर्वरंगच आहे. बालगंधर्वांच्या प्रयोगांना गर्दी लोटे, आणि तरीही ‘द्रौपदी’ नाटकातील मयसभेचा थाट, उंची वस्त्रे, अत्तरे, गालिचे यांच्या पायी कंपनी कर्जात बुडत गेली. भरलेले थिएटर आणि रिकामी तिजोरी एकत्र नांदू शकतात हे मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. मग रिकामे मैदान आणि जिवंत कला एकत्र नांदू शकतात हे मान्य करणे जड जाऊ नये. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केला, तेव्हा नेहमीपेक्षा कितीतरी चढ्या दरांची तिकिटेही हातोहात गेली. ती अपवादाची रात्र होती: दोन प्रतिस्पर्धी एकत्र, कार्य राष्ट्राचे, आणि प्रयोग एकदाच. आजचा प्रवर्तक हीच अपवादाची रात्र साठ शहरांत साठ वेळा विकू पाहतो.

गोव्याच्या मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी सहकाऱ्यांसह १९१८ साली काढलेल्या बळवंत संगीत मंडळीची कहाणी अधिक बोलकी आहे. दीनानाथांच्या गळ्याविषयी रसिकांत कधी दुमत नव्हते. बोलपट आला, स्वस्त तिकिटात गाणे आणि दृश्य दोन्ही मिळू लागले, आणि ज्या थिएटरात काल जागा मिळत नव्हती तिथे खुर्च्या उरू लागल्या. मंडळी स्वतः चित्रपटाकडे वळली, तिथेही तोटाच झाला, आणि १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी दीनानाथ गेले ते विपन्नावस्थेत. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ त्या काळच्या व्यवहारी माणसांनी ‘दीनानाथ संपले’ असा लावला असेल. इतिहासाने तो साफ फेटाळला आहे.

कंपन्यांच्या काळाच्या बाजूलाच, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, पेडणे-डिचोलीत दुसरीच व्यवस्था चालत आली आहे. कार्तिकानंतर देवस्थानांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळ्या जत्रांच्या पंचांगानुसार गावोगाव फिरतात. पूर्वार्धात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर यांचे संकेतबद्ध दर्शन आणि उत्तरार्धात पहाटेपर्यंत रंगणारे पौराणिक आख्यान, अशी त्या खेळाची घडण असते. त्याखेरीज पाळीसारख्या डिचोली तालुक्यातील गावांत देवळाच्या उत्सवाला किंवा मांडावर, म्हणजे गावाच्या लोकोत्सवाच्या ठरलेल्या पवित्र जागेत, गावकऱ्यांनीच तालमी करून बसवलेले मराठी नाटक होते. यातील कशालाही तिकीट नसते. खर्च वर्गणीतून, देवस्थानाच्या निधीतून, देणगी कुपनांतून आणि पावणीतून, म्हणजे देवाला आलेल्या वस्तूंच्या जाहीर लिलावातून उभा राहतो. मंडळीला ठरलेली बिदागी मिळते, आणि समोर पाचशे माणसे बसली की दीडशे, याने तिच्या हिशेबात फरक पडत नाही.

आगाऊ पैसा इथेही घेतला जातो, हे लक्षात ठेवले पाहिजे. वर्गणी खेळाच्या आधीच गोळा होते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की वर्गणी देणाऱ्याला कोणते नाटक घ्यायचे, किती खर्च करायचा, रोषणाई कमी करायची की नटी बाहेरून आणायची यावर बोलण्याचा हक्क असतो, आणि हिशेब त्याच्यासमोर मांडला जातो. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील ट्रकमालकांचे, यंत्रचालकांचे, लहान दुकानदारांचे उत्पन्न एकाएकी आटले. स्टेडियमच्या पद्धतीने चालणारा कुठलाही कार्यक्रम अशा वर्षी रद्द करावा लागला असता. वर्गणीवरचे नाटक मात्र आपला आकार गावाच्या खिशाएवढा करून घेऊ शकते: पडदे जुनेच वापरायचे, पात्रे घरचीच घ्यायची, आणि उत्सव चुकवायचा नाही. आकार लवचीक असणे हीच या रंगभूमीची आर्थिक शक्ती आहे, आणि स्टेडियमजवळ नेमकी तीच नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. देवळाचे अंगण सर्वांना सारखे कधीच नव्हते. कोण पुढे बसणार, कोण दूर उभा राहणार, कोणाची पावणी आधी आणि महाजनांपैकी कोणाचा शब्द शेवटचा, हे जातीने आणि मानपानाने ठरत आले. देवस्थानांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत कुटुंबांना तिथे कला होती, पण स्वातंत्र्य नव्हते. त्या समाजातील केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिकांनी गोवा सोडून मुंबईत स्वतःच्या नावावर मैफली गाजवल्या, तेव्हा त्यांना उभे राहायला जी जमीन मिळाली ती यजमानाच्या कृपेपेक्षा श्रोत्याच्या पैशाची अधिक होती. तिकीट हा अशा अर्थाने मुक्तीचा कागद आहे. चार आणे मोजणारा माणूस कोणाचाही मिंधा नसतो आणि त्याच्यासमोर गाणाराही नसतो. कोकणी तियात्राने हे फार लवकर ओळखले: १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेली ही रंगभूमी आजही बव्हंशी तिकिटावर जगते, तिथे कंत्राटदार संचाकडून एक प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेतो आणि तिकिटांच्या विक्रीचा धोका स्वतःच्या शिरावर घेतो. हा कंत्राटदारही प्रवर्तकच. परंतु त्याचे सभागृह काहीशे खुर्च्यांचे असते, तो प्रेक्षकांना चेहऱ्याने ओळखतो आणि एका पडलेल्या प्रयोगाने तो उद्ध्वस्त होत नाही. तेव्हा दोष तिकिटात नाही. तिकिटाला त्याच्या मानवी मापातून उपटून पन्नास हजारांच्या मापाला नेण्यात आहे.

याला सर्वांत बळकट प्रत्युत्तर ‘कोल्डप्ले’चे दिले जाईल. २२ सप्टेंबर २०२४ रोजी या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवरील कार्यक्रमांची विक्री उघडली तेव्हा एक कोटीहून अधिक लोक आभासी रांगेत होते. २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंतची तिकिटे काही वेळातच संपली, दोनऐवजी तीन कार्यक्रम करावे लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या मैदानावर एकेका संध्याकाळी लाखाहून अधिक माणसे जमली. पाठोपाठ पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या परिषदेत ‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्थे’चा उल्लेख करून राज्यांना तिकडे वळण्याचे आवाहन केले. या यशातून भारतात स्टेडियम संगीताला अमर्याद मागणी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे आहे. जगप्रसिद्ध बँड, जो याआधी मोठा कार्यक्रम करण्यासाठी देशात आला होता तो २०१६ साली मुंबईच्या एकाच संध्याकाळपुरता, तो आठ वर्षांहून अधिक काळाने येतो तेव्हा साठलेली तहान एकदम बाहेर पडते; ती दरवर्षी तेवढीच असेल असे नव्हे. शिवाय त्या रांगेतील किती माणसांना गाणी हवी होती आणि किती जणांना तिकीट चढ्या भावाने पुन्हा विकायचे होते हे कोणी सांगू शकत नाही. काळ्या बाजारात लाखांचे भाव बोलले गेले आणि प्रकरण पोलीस व सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेले. टंचाई ही मागणीइतकीच फसवी असू शकते. संथ विक्रीतून जसा कलेचा ऱ्हास सिद्ध होत नाही, तसा धडाक्याच्या विक्रीतून कलेचा उत्कर्षही सिद्ध होत नाही. दोन्हीकडे मोजली जाते ती प्रवर्तकाचा अंदाज आणि गर्दीची मनःस्थिती यांच्यातील तफावत. ‘यू टू’ या आयरिश बँडचा १९९७चा ‘पॉपमार्ट’ दौरा अमेरिकेतील अनेक मैदाने भरू शकला नाही. त्याच चार माणसांच्या २००९ ते २०११ मधील दौऱ्याला सत्तर लाखांहून अधिक श्रोते लाभले आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला. मधल्या बारा वर्षांत त्यांचे संगीत दहापट चांगले झाले असे म्हणण्याचे धाडस त्यांचे चाहतेही करणार नाहीत.

पेडण्यापुढचा प्रश्न याच आकड्यांचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार. पंचेचाळीस हजारांचे एक मैदान पेडण्यात भरवायचे तर तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत तालुक्यातील निम्म्याहून अधिक माणसे तिथे हवीत. म्हणजेच अशा मापाचा कोणताही कार्यक्रम इथल्या लोकांसाठी असूच शकत नाही; तो विमानाने येणाऱ्यांसाठी असतो, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ही शक्यता खरी झाली आहे. ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, मधली काही वर्षे पुण्याकडे गेला, वागातोरला परतला, दक्षिण गोव्यात जाण्याच्या बेताला विरोध झाल्यावर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पेडण्यातील धारगळला आला, तिथेही स्थानिक विरोध आणि उच्च न्यायालयातील वाद यांतून पार पडला, आणि २०२५ मध्ये मुंबईला निघून गेला. हा रॉक बँडचा दौरा नव्हता, तरी त्याचे अर्थशास्त्र तेच. ज्या जागी तो भरतो त्या जागेशी त्याचे नाते भाड्याचे असते. जिथे परवाना सोपा आणि विक्री जोरात, तिथे तो जाईल. आवाज, वाहतूक, पाणी आणि कचरा यांचा भार मात्र गावावर येतो, आणि तो भार उचलणाऱ्याला कोणता कार्यक्रम, केव्हा, किती मोठा यावर वर्गणीदाराएवढाही अधिकार नसतो.

गोव्याला पाश्चात्त्य संगीताचा कान नाही म्हणून हा विरोध होतो, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा कित्येक दशके गोव्याच्या वादकांचा होता, आणि शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी इथल्या भाषा, इथले प्रश्न आणि रॉक यांचा मिलाफ स्वतःच्या हिमतीवर घडवला. कान आहे, त्या कानाला साजेशा मापाची जागा आणि परवडणारा दर यांची वाण आहे.

माप लहान करणे म्हणजे पराभव, ही समजूत सोडायला खुद्द काही कलावंतांनी सुरुवात केली आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘द ब्लॅक कीज’ने मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांतील आपला दौरा रद्द केला आणि लहान, जवळिकीच्या जागांकडे वळण्याचा मनोदय सांगितला. लोकांनी त्याची फजिती म्हणून नोंद घेतली; वास्तविक ती उशिरा केलेली पण योग्य दुरुस्ती होती. ‘द क्युअर’च्या रॉबर्ट स्मिथने २०२३ मध्ये बदलते दर नाकारले, काही तिकिटे २० डॉलरांना ठेवली, आणि सेवाशुल्क तिकिटाच्या किमतीला भिडू लागले तेव्हा जाहीर भांडून विक्री कंपनीला ग्राहकांचे पाच-दहा डॉलर परत करायला लावले. कलावंताने मनात आणले तर आपल्या श्रोत्याला कर्जदात्याच्या जागेवरून उठवून पुन्हा श्रोत्याच्या जागी बसवता येते, याचा हा पुरावा आहे.

शासनाची जबाबदारी याहून वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला तेव्हा महाराष्ट्र शासनाने त्याला करमणूक कर माफ केला, आणि त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायतीला वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. सार्वजनिक पैसा खाजगी प्रवर्तकाचा धोका कमी करण्यासाठी वापरण्याचा तो ठळक पायंडा. कॉन्सर्ट अर्थव्यवस्थेच्या नावाखाली राज्ये आता त्याच वाटेने जमीन, पोलीस बंदोबस्त आणि सवलती देऊ करतील, तर गोव्याने त्या चढाओढीत उतरू नये. जिथे सार्वजनिक जमीन किंवा सवलत दिली जाईल तिथे तिकिटांचा पैसा कार्यक्रम होईपर्यंत स्वतंत्र खात्यात ठेवण्याची, रद्द झाल्यास सेवाशुल्कासह परत करण्याची, विकलेल्या आणि फुकट वाटलेल्या तिकिटांचा हिशेब प्रसिद्ध करण्याची आणि ग्रामसभेची आधी संमती घेण्याची अट घातली पाहिजे. आणि उरलेला पैसा साखळीच्या रवींद्र भवनासारख्या सभागृहांवर खर्च व्हावा: काहीशे ते हजार खुर्च्यांच्या, चांगल्या ध्वनियंत्रणेच्या जागा, जिथे पेडण्यातला एखादा नवा रॉक बँड, पाळीचे हौशी नाट्यमंडळ आणि दशावताराचा एखादा वेगळा प्रयोग ही तिन्ही माफक भाड्यात, शे-दोनशे रुपयांच्या तिकिटावर होऊ शकतील, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी पुढच्या महिन्याची तारीख कोणाची रद्द होणार नाही.